भर दिवसा आडवं पडताना

वेचणी सुरू झाली की अंबडच्या रस्त्यांनाही कापूस लागतो. काठोकाठ भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जातात आणि त्यांच्यातून उडालेले पुंजके बाभळीच्या काट्यांना, तारेच्या कुंपणाला, गतिरोधकाजवळच्या वाळल्या गवताला धरून बसतात. पहिले काही दिवस ते पांढरे असतात, मग धूळ खाऊन मातकट होतात. घनसावंगीच्या रस्त्याला तुरीचा पिवळा फुलोरा आणि त्याच्या पलीकडे फुटलेली बोंडं. हवेत गारठा, आणि सूर्य वर यायच्या आधी रस्त्याच्या कडेनं पळणाऱ्या पोरी. ओढण्या कमरेला आवळलेल्या, कानाला स्कार्फ, तोंडातून वाफ. भरती निघाली असली तरी पळतात, निघणार आहे अशी नुसती कुणकुण असली तरी पळतात.

त्यांतलीच एक, आमच्या गल्लीतली पूजा, परवा शिकवणी सुटल्यावर मागे रेंगाळली. तिला माझ्याशी बोलायचं होतं आणि बोलायची लाज वाटत होती, हे तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघून कळत होतं. मग एकदाचं म्हणाली, नडगी दुखून राह्यली, सरांनी आराम सांगितलाय, तुम्ही पळायच्या ना ताई.

मी म्हटलं, मग कर आराम.

"करते ना. पण आराम म्हंजे काय काय करायचं न्हाई?"

मी तिला भराभर सांगितलं. पळायचं नाही. उड्या नाही. जिने चढ-उतर नाही. दुखऱ्या पायावर बर्फ फिरवायचा, पण कातडीला थेट लावायचा नाही. नवे बूट आत्ता घ्यायचे नाहीत. जेवण सोडायचं नाही. तिनं सगळं मान हलवून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "धुणं चालतं का?"

मी म्हटलं, विचारून सांगते. ती गेली आणि मी फळ्यासमोर खडू धरून उभी राहिले. माझा स्वतःचा तो वेचणीचा हंगाम, आणि त्यातले अंथरुणात काढलेले दिवस, अंगावर आले. तेव्हा वाटलेली लाज अजून शिळी झालेली नाही.

मी पत्रकांवर वाढले. आबा मार्केट यार्डात हमाल होते आणि हमालांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या दोन खोल्यांत पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. गुलाबी, पिवळी, हिरवट, पातळ कागदाची. वाटून उरलेली डब्यांखाली अंथरलेली असायची, फळीवर असायची, पावसाळ्यात दाराच्या फटीत कोंबलेली असायची. पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'निषेध', 'एकजूट', 'तातडीने' हे शब्द मला फार लवकर आले. भाजीवाल्यानं सडक्या भाजीचे पैसे मागितले तर मी त्याला तातडीने निषेध कळवायचे आणि आबा हसून लोटपोट व्हायचे.

त्या पत्रकांमध्ये मला सगळ्यात आवडलेला शब्द होता विश्रांती. हमालांना दुपारी टेकायला यार्डात शेड असावं, अशी मागणी होती. पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाला दोन घटका सावली नको का? त्या पत्रकाचं शुद्धलेखन मी तपासलं होतं, शाळेत असताना. पुढे कॉलेजात गेल्यावर यार्डाच्या गेटसमोरच्या सभेत मी त्याच विषयावर बोललेही. विश्रांती ही भीक नाही, ती मजुरीचाच भाग आहे, आणि ज्याला विश्रांती नाही त्याला माणूस म्हणून मोजलेलं नाही, असं मी माइकवर म्हटलं. टाळ्या पडल्या. आई मागच्या बाजूला माठाजवळ उभी राहून लोकांना पाणी देत होती. त्या पत्रकात कापूस वेचणाऱ्या बायांचा कुठं उल्लेख नव्हता. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, आबांच्या आली नाही, आणि आईच्या आली असेल तर ती बोलली नाही.

पदवी झाली आणि मी पोलीस भरतीचा अर्ज भरला. आबांच्या यार्डातल्या मित्रांना तर विषयच मिळाला. ज्या घरातून लाठीमाराच्या निषेधाची पत्रकं निघाली त्या घरात खाकी? उद्या मोर्चात बाप इकडं आणि पोरगी तिकडं. आबा म्हणायचे, "समोर आपलीच पोरगी असली तर लाठी जरा हळू बसंल ना." पण त्यांना आतून बरं वाटत होतं. मलाही. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. वाचण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. भीती होती ती ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची. त्यातही आठशे मीटरची. तिथं गुण पडले नाहीत तर लेखीपर्यंत कुणी जाऊच देत नाही. तिथं अडले असते तर घरातल्या सगळ्यांनी माझ्यावर घातलेलं ते वर्ष पाण्यात गेलं असतं.

यार्डामागच्या मोकळ्या मैदानावर विलास सर आम्हा पोरींना पळवायचे. ते स्वतः अनेक भरत्यांत उतरलेले, वय निघून गेलेले. त्यांना खूप ओरडता यायचं नाही, म्हणून ते गळ्यात शिट्टी घालायचे. दुखण्याबद्दल त्यांची एक साधी परीक्षा होती. कुठं दुखतं, दाखव. तळवा फिरवून दाखवलं तर अंग अवघडलंय, हळू पळ, मोकळं होईल. एका बोटानं नेमकी जागा दाखवली तर थांब. मैदानावरच्या सगळ्या पोरींना ही परीक्षा पाठ होती. त्यामुळे आम्ही सगळ्या तळवाच फिरवायचो.

माझं दुखणं डाव्या नडगीत होतं आणि ते बोटाच्या टोकाएवढं होतं. सुरुवातीला पळून झाल्यावर कळायचं. मग पळताना. मग सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवताना. मी सरांसमोर पोटरीपासून घोट्यापर्यंत तळवा फिरवत राहिले. दुखतंय हे सांगायला काय लागतं? आज लिहिताना सोपं वाटतं. पण आमच्या वस्तीत दुखणं सांगायला एक ऐपत लागते. आबांची पाठ, आईचे गुडघे, शेजारच्या काकूंचा खांदा, यांतलं कुणी काही बोलत नसताना माझ्या नडगीनं कोणत्या तोंडानं बोलायचं?

एके दिवशी वळणावर पाय असा काही चमकला की मी बसलेच. सरांनी तळवा वगैरे काही विचारलं नाही. स्वतःच अंगठ्यानं हाडावरून दाबत आले, आणि त्या जागी आले तसा माझा आवाज निघाला. ते म्हणाले, बंद. ग्राउंडच्या आधी जेवढे दिवस आहेत त्यातले निम्मे तरी आराम, मग हलकं पळणं, मग पुन्हा आराम. तयारी व्हायची तेवढी झालीय, आता नुसता पाय वाचवायचा.

मी घरी येऊन सांगितलं की सरांनी पळणं बंद करायला सांगितलंय. इथून पुढे जे झालं त्यात कुणाचा काही दोष नाही, आणि म्हणूनच ते मला अजून छळतं. आई म्हणाली, बरं झालं, मंग पहाटे मोकळीच हायेस तर चल. मलाही ते इतकं सरळ वाटलं की मी दुसऱ्या दिवशी आईबरोबर वेचणीच्या जीपमध्ये जाऊन बसले. पळणं बंद होतं. म्हणजे आराम चालू होता.

कांताबाईंची टोळी घनसावंगीकडच्या शिवारात जायची. कांताबाई म्हणजे शेतमालकाशी बोलणी करणाऱ्या, जीप ठरवणाऱ्या, आणि कोणी किती झाडं सोडली हे मागं न वळता सांगणाऱ्या. मला बघून म्हणाल्या, "या इन्स्पेक्टरबाई, बसा. पुढच्या शीटावर बसता का मागं चालंल?" सगळ्या हसल्या. मी हसले.

दवानं भिजलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीत सकाळी शिरलं की साडी-सलवार गुडघ्यापर्यंत ओली होते. कमरेला बांधलेली ओटी आधी रिकामी लोंबते, मग फुगत जाते, आणि मांड्यांवर आपटत राहते. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला बरोबर घुसतात. उंच झाडाला उभं, बुटक्याला वाकून, आणि बहुतेक झाडं बुटकीच. पायाखाली काळी ढेकळं. प्रत्येक पाऊल वेगळ्या उंचीवर पडतं. दुपारी पाठ ताठ केली की डोळ्यांपुढं काजवे. असे मी माझ्या आरामाचे पहिले दिवस घालवले, आणि संध्याकाळी आई रुईचं पान तव्यावर गरम करून माझ्या नडगीला बांधायची आणि म्हणायची, आराम केला की बरं वाटंल बघ.

सरांनी बोलावलं त्या सकाळी मी मैदानावर गेले. दुखणं वाढलं होतं. माझ्याबरोबर आणखी दोघी आरामावर होत्या. सरांनी विचारलं, आराम केला का. मी म्हटलं, "केला सर. पूर्ण." माझ्या मनात खोटं काही नव्हतं. त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. नखांच्या कडा फाटलेल्या, लाल. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. मग दुसरीला विचारलं. तिनं बहिणीच्या बाळंतपणात सगळं घर ओढलं होतं. तिसरीनं विटा उचलल्या होत्या, कारण घराचं काम चालू होतं आणि पळायला तर जायचं नव्हतंच. तिघींनीही आराम केला होता.

सर शिट्टी वाजवायचं विसरून तिथंच मातीत बसले. म्हणाले, "पोरींनो, आराम म्हंजे आडवं पडणं. भिंतीकडं तोंड करून. दिवसा." दिवसा हा शब्द त्यांनी असा उच्चारला की आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघून हसू दाबलं, जसं काही त्यांनी वावगं काही सांगितलं.

त्याच संध्याकाळी ते मोटारसायकलवर घरी आले. आई चुलीपुढे, आबा पलंगावर. आबा यार्डातून आले की पलंग त्यांचा, यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. पाठ तशी झालेली होती. सर आईला म्हणाले, "मावशी, हिला थोडे रोज आडवी राहू द्या. पाय वाचला तर ग्राउंड हाये. न्हाई तर सगळं वर्ष गेलं."

"आडवी म्हंजे," आई म्हणाली, "दिवसा?"

आबा उठून बसले. म्हणाले, विश्रांती हा तिचा हक्क आहे, त्यात विचारायचं काय. पत्रकातलं वाक्य पत्रकातल्याच आवाजात आलं. मग आईला म्हणाले, सरांना चहा टाक.

दुसऱ्या दिवशी जीपचा हॉर्न वाजला आणि मी उठले नाही.

आमच्याकडं दिवसा दार लावत नाहीत. लावलं तर लोक विचारतात काय झालं. आणि उघड्या दारातून पलंग सरळ दिसतो. आईनं यावर रात्रीच विचार करून ठेवला असावा. जायच्या आधी तिनं माझ्या अंगावर गोधडी टाकली, उशाशी पाण्याची वाटी ठेवली, आणि कापडाची पट्टी भिजवून माझ्या कपाळावर घातली. मी म्हटलं, मला ताप कुठंय? ती म्हणाली, असू दे, कुणी डोकावलं तर बरं दिसतं.

मी ती पट्टी काढून फेकली नाही. यार्डाच्या गेटसमोर विश्रांतीवर बोललेली मी, खोट्या तापाची पट्टी कपाळावर घेऊन पडून राहिले. कुणी दारावरून गेलं की डोळे मिटून घ्यायचे. पट्टी सुकली तर स्वतःच भिजवायचे. एकदा शेजारच्या काकू आत आल्या, कपाळाला हात लावला, पट्टीमुळे ते गारच लागलं, तर म्हणाल्या, उतरतोय ताप. मी कण्हले. खरंच कण्हले.

भर दिवसा घर कसं असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नळाला पाणी आल्यावर घागरी एकमेकींवर आपटतात. दळणाच्या गिरणीचा पट्टा सटकतो आणि गिरणीवाला शिवी देतो. जिनिंगची धडधड दुपारी सगळ्यात जास्त ऐकू येते. उन्हाचा तुकडा उंबऱ्यावरून आत येतो, डब्यांवर चढतो, पत्रकांच्या गठ्ठ्यापर्यंत जातो आणि परत फिरतो. हे सगळं किती सुंदर होतं, असं लिहायला हवं. मला तेव्हा ते चोरून बघितल्यासारखं वाटत होतं. वस्तीतल्या बहुतेक बाया कामावर असताना त्यांच्या घरांचे आवाज मी पडून ऐकत होते.

संध्याकाळी कांताबाई आधी आल्या. आई मागून येत होती, रोजच्यापेक्षा हळू. कांताबाईंनी दारातूनच विचारलं, "ताप हाये म्हणं?"

मी हूं म्हटलं.

"मंग झोप माय. तुझी पात तुझी आई ओढून राह्यली, म्हणलं बघावं खरंच हाये का."

त्यात राग नव्हता. हिशोब तपासून बघावा तसं त्यांनी बघितलं आणि गेल्या. पण मला एकदम सगळं लक्षात आलं. टोळीची रीत अशी की शेतमालकाला आधी सांगायचं, इतक्या बाया येतो, इतक्या दिवसांत वावर मोकळं करतो. मग प्रत्येकीची पात ठरते, म्हणजे झाडांच्या दोन ओळी तिच्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत. एखादी आली नाही तर तिची पात बाकीच्यांवर येते. वाटून घेतात, पण कुरकुर होते, आणि ज्या घरची बाई आली नाही त्या घरच्या बाईनं ती ओढावी हे न बोलता ठरलेलं असतं. मी आरामाचे पहिले दिवस वेचायला गेले तेव्हा कांताबाईंनी मला मोजलं होतं. शब्द दिला गेला होता. आता मी पलंगावर होते आणि आई दोघींच्या चार ओळी ओढत होती.

आई आली. ओटी सोडली, पाय धुतले, भिंतीला धरून बसली. मी म्हटलं, उद्या मी येते.

ती नको म्हणाली. मी आवाज चढवला. मला चढवता यायचा, मी त्यातच तयार झालेले होते. मी म्हटलं, हा अन्याय आहे, माझ्या आरामाचं ओझं तू का वाहायचं, असा आराम मला नको, मी दुसऱ्याच्या पाठीवर झोपणाऱ्यांतली नाही. बरंच बोलले. वाक्यं चांगली होती. आईनं ती पूर्ण होऊ दिली.

मग म्हणाली, "तू उद्या उठली तर माझ्या आजच्या दोन पाती फुकट गेल्या. गेल्या का न्हाई?"

मी गोधडी पायांवर ओढली.

"मंग पड गुमान."

त्यानंतरचे दिवस मी पडले. कुणाचं काम करताना मी इतकी मन लावून वागले नसेन. कूस बदलतानाही नडगीवर भार येऊ द्यायचा नाही. विलास सरांनी बर्फ झालेली पाण्याची बाटली पाठवली तर ती फडक्यात गुंडाळून बरोबर त्या जागेवर फिरवायची. आईला बर्फ मान्य नव्हता, हाडात गारठा शिरंल म्हणायची, म्हणून संध्याकाळी परत रुईचं गरम पान. सकाळी सरांचा इलाज, संध्याकाळी आईचा, आणि मधे बिचारी नडगी. पण दुखणं खरोखर कमी होत गेलं. बोटाच्या टोकाएवढी जागा हळूहळू मिटत गेली. मला आनंद व्हायला हवा होता. पण जेवढं बरं वाटे तेवढी लाज वाढे, कारण प्रत्येक बऱ्या वाटण्याची दुसरी बाजू संध्याकाळी दारातून आत यायची आणि भिंतीला धरून बसायची.

एकदा ती माझ्या पायाला पान बांधत असताना मी तिचा पाय ओढून घेतला. म्हटलं, आण, चोळून देते. तिनं असा झटक्यात पाय मागं घेतला, जशी मी तिची काही चोरी पकडली. "मला काय झालंय?" ती म्हणाली. घोट्यावर सूज होती. दिव्याच्या उजेडात चकाकत होती.

किरकोळ दुखणं हा शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये धावणाऱ्यांसाठी सल्ले येतात. शर्यतीपूर्वी पुरेशी झोप घ्या, शरीराचं ऐका, किरकोळ दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका. चांगले सल्ले आहेत, मी तेच पूजाला दिले. पण हे सल्ले लिहिणाऱ्यांनी कधी विचारलंय का, की शरीराचं ऐकायला घरात एवढी शांतता कुणाला मिळते? कुणाचं दुखणं किरकोळ आणि कुणाचं मोजण्यातच नाही, हे कोण ठरवतं? आराम हा हक्क असेल, आहेच, मी आजही तेच म्हणेन आणि माइक द्या, आणखी मोठ्यानं म्हणेन. पण एका घरात एकीला तो मिळतो तेव्हा तो कुठून तरी कापून आणलेला असतो. आम्ही सरकारकडून मागितला, यार्डाकडून मागितला, शेडसाठी मोर्चे काढले. आणि घरात मात्र तो आईच्या अंगातून काढून घेतला, विचारलंसुद्धा नाही. हे पत्रकात लिहायला हवं होतं. लिहायचं कुणी? लिहिणारी गोधडीखाली होती.

ग्राउंड जालन्याला होतं. आदल्या दिवशी तिथंच मस्तगडला मावशीकडं जाऊन थांबायचं ठरलं, म्हणजे पहाटे एसटीचा धक्का नको. आई बरोबर आली. भर वेचणीत तिनं दिवस मोडला होता, आणि त्यासाठी आधी तिनं कांताबाईंशी काय ठरवलं ते मला तिनं सांगितलं नाही. मावशीचं घर दुकानांच्या वर. खाली लोखंडी सामानाचं दुकान, सळ्या उतरवण्याचा खणखणाट. मावशीनं मला आतल्या खोलीत गादी टाकून दिली आणि आईला म्हणाली, तू पण पड की थोडी. आई म्हणाली, मी काय करू पडून? मग तिनं मावशीचा भाजीचा चाकू घेतला, लसूण सोलला, डब्यांची झाकणं पुसली, खिडकीचे गज पुसले. मावशी वैतागून म्हणाली, "अगं बस ना माय, माझ्या घरातलं काम संपवशील." आई बसली, आणि बसल्या जागी साडीच्या पदराला चिकटलेला कापूस वेचत राहिली.

सकाळी मैदानाबाहेर रांग होती. थंडी, धुकं, पोरींच्या पायांवर चमकणारं तेल, छातीवरचे नंबर. आत फक्त उमेदवार. आयाबाप कंपाउंडच्या भिंतीबाहेर. मी आत जाताना आई काहीतरी म्हणाली, ते गर्दीत ऐकू आलं नाही.

पळण्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. ते फार थोडा वेळ चालतं. पहिल्या फेरीत मी नडगीची वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. ती बोलली नाही. दुसऱ्या फेरीत छाती फुटायला आली आणि पुढच्या पोरीच्या टाचा दिसत राहिल्या, मग त्याही मागं गेल्या. सर सांगायचे की शेवटच्या वळणावर स्वतःसाठी पळू नका, दम लागतो, दुसऱ्या कुणाला तरी डोळ्यांपुढं आणा. मी कुणालाच आणलं नाही. मला एकच सुचत होतं की या पायात जे आहे ते माझं नाही. रेषा ओलांडली, टेबलाशी बसलेल्या साहेबांनी वेळ पुकारली, आणि ती चांगली होती. आठशे मीटर मी काढलं होतं. पुढे लेखीत मी गळाले, ज्याची मला भीती नव्हती त्यात. पण त्या सकाळी मैदान माझं होतं.

मी बूट हातात घेऊन बाहेर धावत आले. आईला सगळ्यात आधी सांगायचं होतं.

भिंतीच्या कडेनं बायका बसल्या होत्या. कुणी डबे उघडलेले, कुणी फोनवर. आई टोकाला होती, भिंतीला टेकून. ऊन नुकतंच तिच्या पायांवर आलं होतं. चप्पल निघालेली, पदर खांद्यावरून घसरलेला, तोंड थोडं उघडं, आणि मान एका बाजूला पूर्ण पडलेली. ती झोपली होती. भर दिवसा, भर रस्त्यात, अनोळखी माणसांमध्ये. एवढ्या वर्षांत मी तिला उजेडात झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा मला अनोळखी वाटला.

शेजारच्या बाईनं मला खूण केली, उठवू का? मी नको म्हटलं. मी तिच्याजवळ खाली बसले, अंग लागणार नाही एवढं अंतर ठेवून. मी ठरवलं की ती आपण होऊन उठेपर्यंत बसायचं, दुपार झाली तरी.

तेवढं काही झालं नाही. रस्त्यावर एका जीपनं हॉर्न दिला आणि ती दचकून उठली. आधी पदर ओढला, मग चप्पल पायानं चाचपली, मग अर्धवट उभी राहून रस्त्याकडे बघितलं, जसं काही गाडी तिला सोडून चालली होती. मग तिला मी दिसले. तिचं तोंड उतरलं. शेजारच्या बाईकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं. पळणं कसं झालं, पाय दुखला का, लागला का नंबर, यातलं काहीच तिनं आधी विचारलं नाही.

"झोपले न्हाई गं मी," ती म्हणाली. "डोळे मिटले होते नुसते."

माझ्याकडं त्या क्षणी सगळी वाक्यं होती. गेटसमोर बोललेली, पत्रकात छापलेली, तिलाच ओरडून ऐकवलेली. मी तिचा पदर नीट केला.

"व्हय," मी म्हटलं. "जागीच होतीस तू. मी बघितलं ना."

ती हसली, निश्चिंत झाली, आणि मग म्हणाली, आता सांग.